डावीकडचं तळं

८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. फोनवर तुम्ही माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून पत्र लिहितेय. कागदाचं बोलणं मध्येच तोडता येत नाही.

बातमी अशी की तुमच्या गोल्फ क्लबने अठराव्या, शेवटच्या होलचं काम मला दिलंय. तळ्याचा काठ खचत चाललाय आणि पाणी झिरपून क्लबहाऊसच्या तळघरात येतं. तिथे स्वयंपाकघराचा साठा असतो, त्यामुळे कमिटी पहिल्यांदाच एकमताने बोलली. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, काय करायचं ते करा, पण बटाटे कोरडे राहू देत." काठ नव्याने बांधून काढता येईल, नाहीतर तळंच बुजवता येईल. मला बुजवणं बरं वाटतं. पण मैदानाची रचना तुमची, आणि करारानुसार तुमच्या सहीशिवाय तिथला वाळूचा एक बंकरही हलवता येत नाही. तेव्हा ही विनंती समजा.

दुसरंही एक कारण आहे, ते लपवून काय करू. बाबांच्या खांद्याचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणाले, नंतर चष्म्याच्या दुकानात खुशाल बसा, गोल्फ मात्र विसरा. म्हणजे क्लबच्या वर्धापनदिनाला तुमची दोघांची जी मॅच होते, ती यंदा शेवटची. इतकी वर्षं बाबा सतरा होल तुमच्या बरोबरीने खेळतात आणि अठराव्याला पहिलाच चेंडू तळ्यात घालतात. मग वेटर ट्रेमधून टॉवेल घेऊन येतो, क्लबहाऊसची अख्खी गच्ची हसते, बाबाही हसतात, आणि गाडीत बसल्यावर म्हणतात, "थोडक्यात गेला. पुढच्या वर्षी बघू."

आता पुढचं वर्ष उरलेलं नाही. ते होल एकदा तरी कोरडं पार करावं, एवढीच त्यांची इच्छा आहे. बोलून दाखवत नाहीत, पण दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागे उभं राहून लाकडी पट्टीने स्विंग करतात. परवा त्यात एक फ्रेम फुटली.

तुमचं मत कळवा. आणि तळं डावीकडेच का खोदलंत, तेही कळवा. मला शिकायचंय.

तुमची,
ठकी

१९ फेब्रुवारी

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. माझ्या ऑफिसात तीन वर्षं ट्रेसिंग पेपर गुंडाळणारी पोरगी आता क्लबचे बटाटे वाचवायला निघाली, आनंद आहे.

शिकायचं म्हणतेस तर शीक. शेवटचं होल वाईट कधी होतं? नुसतं लांब आणि चढाचं असलं की, कारण मग ती हमाली होते. चारी बाजूंनी पाणी असलं की, कारण मग धीट आणि भित्रा दोघंही सारखेच बुडतात. झेंडा दिसत नसला की, कारण मग ते नशिबाचं काम होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जिथे काहीच घडत नाही ते. सतरा होल झुंजून आलेल्या माणसांना शेवटी तू काहीतरी विचारायला हवंस. चांगलं होल प्रश्न विचारतं, दोन वाटा दाखवतं आणि निवड तुझ्यावर सोडतं. मागे पडलेल्याला अजून जिंकता येईल असं वाटलं पाहिजे, पुढे असलेल्याला अजून हरू शकतो अशी धास्ती हवी. आणि हे सगळं गच्चीवरून दिसायला हवं. प्रेक्षक नसतील तर शेवट कसला.

आता तळं. कच्च्या खेळाडूचा चेंडू हवेत वळतो, आणि बहुतेकांचा उजवीकडेच वळतो. म्हणून उजवीकडे मी मोकळं रान ठेवलं. तिथे गरीब माणूस सुखाने चालत येतो. डावीकडे पाणी आहे ते लोभी माणसासाठी, ज्याला काठाकाठाने जवळच्या वाटेने झेंडा गाठायचा असतो. दुबळ्याला माफी आणि शहाण्याची परीक्षा. ह्या होलवर लोकांनी लेख लिहिलेत ते ह्याच कारणाने. मी कधी डावं-उजवं केलं नाही, जे केलं ते न्यायाने केलं.

तेव्हा तळं राहील. काठ बांधून घे. भाऊजींना म्हणावं, चष्मा बदलून बघा. स्वतःचंच दुकान आहे.

तुझा,
मामा

२ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. तुमचं पत्र घेऊन आठवडाभर रोज सकाळी गच्चीवर बसले. तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. नवीन मेंबर येतात, चेंडू उजवीकडे भिरकावतात आणि काही झालंच नाही अशा थाटात झेंड्याभोवतीच्या ग्रीनवर पोचतात. एक भूलतज्ज्ञ आहेत, त्यांचा चेंडू तर उजवीकडच्या झाडीत गेला, तरी शिटी वाजवत आले. इतकं दयाळू होल मी पाहिलेलं नाही.

मग शुक्रवारी पोहण्याचे शिक्षक आले. त्यांनी टीवर, पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहून मारला आणि चेंडू वळला तो थेट तळ्यात. त्यांची बॅग उचलणारा कॅडी म्हणाला, "सर स्वतः पोहतात, चेंडूला शिकवत नाहीत." सगळे हसले. मी मात्र शिक्षकांच्या हातांकडे बघत होते. ते डावखुरे आहेत.

डावखुऱ्याचा कच्चा चेंडू डावीकडे वळतो, मामा. सगळ्या मेंबरांना माफी आहे, फक्त डावखुऱ्यांना नाही. आणि त्या क्लबात डावखुरे किती, तर पोहण्याचे शिक्षक, जे गेल्या वर्षी आले, आणि बाबा, जे तळ्याच्याही आधीपासून आहेत.

हे तुमच्या लक्षात आलं नसेल असं स्वतःला समजावून पाहिलं. जमलं नाही. जेवायला बसताना तुम्ही कायम बाबांच्या उजव्या बाजूची खुर्ची धरता, त्यांचं कोपर लागू नये म्हणून. मी शेजारी बसले तरी सरकता. तुम्हाला आमचे हात चांगले माहीत आहेत.

विचारते ते सरळ विचारते. माहीत होतं का?

ठकी

१४ मार्च

चि. ठकीस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून बरं वाटलं. लेख लिहिणाऱ्यांपैकी एकालाही ते होल वाचता आलं नव्हतं. तू वाचलंस. तू माझ्यावर गेली आहेस, ताईला मी हे नेहमी सांगायचो.

हो. भाऊजींसाठीच खोदलं.

ते माझं पहिलं मैदान. तेव्हा अठरावं होल सरळ होतं, सपाट, दोन्हीकडे झाडं, बास. उद्घाटनाला सगळा क्लब गच्चीवर होता. ताईचं नुकतंच लग्न झालेलं, भाऊजी पाहुणे म्हणून खेळले. शेवटचा चेंडू झेंड्याखालच्या कपात घातला, कंबर सरळ केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "होल छान आहे. मध्ये जरा माझा डोळा लागला, एवढंच." गच्ची हसली. ताई सगळ्यात जास्त हसली. तोपर्यंत ती माझ्या बाजूने हसत असे.

भाऊजींना हे आठवतसुद्धा नाही. मी एकदा आडून विचारलं होतं. म्हणाले, "असं बोललो होतो? बरं बोललो की." ताई गेली, तिलाही विचारायचं राहून गेलं.

त्यातलं वाईट असं की ते बोलले ते खरं होतं. होल भिकार होतं. म्हणून पुढच्या वर्षापर्यंत मी ते चांगलं केलं. नीट ऐक, हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. वाईट होलने भाऊजींना छळता आलं नसतं. चारी बाजूंना पाणी ठेवलं असतं तर त्यांनी एका वर्षात नाद सोडला असता. चांगलं होल माणसाला हाकलत नाही, बोलावतं. भाऊजी दर वर्षी टीवर उभे राहतात आणि त्यांना वाटतं, यंदा जमेल. ते वाटणं मी बांधलंय. तळं म्हणजे काय, नुसता खड्डा.

टॉवेलची कल्पनाही माझीच. वेटरला वाटतं त्याची आहे.

माझाही चेंडू हल्ली शेवटी जरा उजवीकडे सरकतो, वय झालं. पण उजवीकडे रान मोकळं आहे. मीच ठेवलंय.

सही मिळणार नाही.

तुझा,
मामा

२१ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. मी भांडत नाही. मागते.

बाबांना मी काहीही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं चूक त्यांच्या मनगटाची आहे. काल त्यांनी मला दुकानात बोलावलं, डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं आणि समोरच्या आरशात स्वतःचा स्विंग करून दाखवला. "बघ, आता वळत नाही ना?" वळत होता. मी म्हटलं, नाही वळत. खांदा वर जातो तेव्हा ते दात दाबून धरतात आणि मला कळू नये म्हणून खोकतात.

डावखुऱ्या माणसाला एक दिवस द्या. तुम्ही जिंकलेले सगळे दिवस तुमच्याकडे राहतील.

कामाचं एवढंच. डावीकडचं तळं भरायला माती लागेल, ती उजव्या बाजूने काढते. तिथे खळगा राहील, गवत लावते. मैदानाचं पाणी कुठेतरी न्यावंच लागणार. पाइपातून बाहेर सोडायचं की त्या खळग्यात साठवायचं, ते अजून ठरवलेलं नाही. नकाशे सोबत आहेत. सहीची जागा पेन्सिलने दाखवली आहे.

ठकी

३० मार्च

चि. ठकीस,

आशीर्वाद. इतकं गोड मागतेस तर नाही कसं म्हणू. सही केली आहे. नकाशे पाहिले नाहीत, तुझ्यावर विश्वास आहे. पाण्याचं काय करायचं ते सर्वस्वी तुझ्या मर्जीने.

अट एकच. वर्धापनदिनाला नवीन होल खुलं करायच्या आधी चार शब्द मी बोलणार. आपलंच मूल दुसऱ्याच्या हवाली करताना बापाला एवढा हक्क असावा.

भाऊजींना सांग, खांदा जपा. यंदा त्यांचा दिवस आहे.

तुझा,
मामा

१६ जून

चि. ठकीस,

आशीर्वाद. काय दिवस झाला. तू धावपळीत होतीस, धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो.

भाषण गाजलं असं सगळे म्हणतात. सेक्रेटरींनी वार्तापत्रात छापायला मागितलं, आठवून लिहून दिलं. तुझ्याकडेही प्रत असावी. "माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आज मी भाचीच्या हातून बुजवून घेतलं. कारण एवढंच की आमच्या भाऊजींना ते पार होईना. वय झालं, खांदा दुखतो, जाता जाता एकदा कोरडं राहावं अशी त्यांची इच्छा. ते स्वतः बोलले नाहीत, बिचारे दुकानात पट्टीने सराव करत राहिले. लेकीनेच मला पत्र लिहून पदर पसरला. तेव्हा डावीकडच्या ह्या नव्या गवताला आजपासून भाऊजींचं अंगण म्हणायचं. ज्यांना खरा खेळ झेपत नाही, त्या सर्वांनी खुशाल अंगणातून यावं."

पट्टीवर तर गच्ची कोसळायची बाकी राहिली.

भाऊजींचा चेंडू वळला आणि अलगद त्यांच्या अंगणात पडला. टाळ्या ऐकल्यास ना? बाळ पहिलं पाऊल टाकतं तेव्हा वाजवतात तशा. वेटरने सवयीने टॉवेल आणला. मी म्हटलं, "असू दे, यंदा घाम पुसतील." भाऊजीही हसले. आणि हो, मॅच त्यांनी जिंकली. एकदाची.

चहाला मात्र थांबले नाहीत. खांदा दुखत असावा.

माझा चेंडू उजवीकडच्या तुझ्या खळग्यात घरंगळला. गवत मऊ आहे, एका फटक्यात बाहेर आलो. छान केलंस, त्या खळग्याने होलला जरा नखरा आलाय.

तुझा,
मामा

२८ जून

प्रिय मामा,

भाषणाची प्रत मिळाली.

खांदा दुखत नव्हता. बाबा गाडीत बसले होते, टॉवेल मांडीवर घेऊन. मी दार उघडलं तर म्हणाले, "पट्टीचं तू सांगितलंस?" मी हो म्हटलं. घर येईपर्यंत टॉवेलच्या घड्या घालत राहिले. थोडक्यात गेला असंही म्हणाले नाहीत, जिंकलेला माणूस काय म्हणणार.

ऑपरेशन झालं. नीट झालं. दुकानात बसतात. गिऱ्हाईक नसलं तरी आता काउंटरमागे उभे राहत नाहीत.

एकच विचारायचंय. पाण्याचं तुम्ही माझ्या मर्जीवर सोडलं होतं. ते अजून तसंच समजू ना?

ठकी

६ जुलै

चि. ठकीस,

आशीर्वाद. पाण्याचं मला काय विचारतेस, कुठेही ने. भाऊजी असे रुसणारे नव्हते. वयाने माणूस हळवा होतो. समजूत काढ.

मामा

४ मे

प्रिय मामा,

नमस्कार. बऱ्याच महिन्यांनी लिहितेय. होल आता खऱ्या अर्थाने पुरं झालं. वर्धापनदिनाला तुम्ही याल, यंदा सेक्रेटरींशी खेळाल असं ऐकलं, म्हणून आधी कळवते. तुमच्यासारखी अचानक कोणाला गाठायची सवय मला अजून लागलेली नाही.

उजवीकडचा खळगा मी वाढवला, तळाशी अस्तर घातलं आणि मैदानाचं सगळं पाणी त्यात सोडलं. काठाची रेघ कशी काढावी हा प्रश्न होता. मग तुमचा जुना ट्रेसिंग पेपर कपाटातून काढला, डावीकडच्या तळ्याचा. उलटा करून काचेवर ठेवला आणि गिरवला. तुमचंच तळं आहे, एकही वळण बदललेलं नाही. फक्त जागा थोडी अलीकडे घेतली, तुमचा चेंडू गेल्या वर्षी जिथे पडला तिथे. ग्रीनही जरा उजवीकडे सरकवलं.

तुमच्या पत्रावरून सगळं तपासून घेतलं. होल लांब नाही, चढ नाही, झेंडा दिसतो. कच्च्या खेळाडूंचं काय, हे विचाराल म्हणून सांगते. त्यांना कॅडी आता डावीकडे तोंड करून उभं करतात. अंगण इतकं ऐसपैस आहे की चेंडू कितीही वळला तरी त्यातच राहतो. भूलतज्ज्ञ अजून शिटी वाजवत येतात. डावखुरे, उजवे, सगळे सुखरूप पोचतात. ज्याला जवळची वाट हवी असेल, त्याने उजवीकडून पाण्याच्या काठाकाठाने जावं. दोन वाटा आहेत, निवड खेळणाऱ्याची.

तुम्हीसुद्धा अंगणातून येऊ शकता, मामा. अगदी सोपं आहे. डावीकडे तोंड करायचं आणि हळू मारायचं. गच्ची काय म्हणेल तेवढंच. त्या गवताला काय म्हणायचं आणि तिथून कोणी यायचं, ते तुम्ही स्वतःच सांगून ठेवलंय. वार्तापत्राचं ते पान सेक्रेटरींनी फ्रेम करून बारमध्ये लावलंय.

वाईट होल करणं मला सहज जमलं असतं. दोन्हीकडे पाणी सोडलं असतं तर तुम्ही एका वर्षात नाद सोडला असतात. म्हणून जीव ओतून चांगलं केलं. तुमचा चेंडू वाऱ्याची साथ असली तर पाण्यापलीकडे जाऊ शकतो. खरंच जाऊ शकतो, मी मोजूनच काठ ठेवलाय. दर वर्षी तुम्हाला वाटेल, यंदा जमेल.

काल बाबांना दाखवायला नेलं होतं. गेल्या वर्षीनंतर ते पहिल्यांदाच आले. मला वाटलं होतं, हसतील. ते पाण्याच्या काठाने एक फेरी मारून आले. म्हणाले, "कोणासाठी आहे ते कळतंय मला. चष्मे विकतो, आंधळा नाहीये." मग गाडीकडे जाताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जन्मभर सगळ्यांना सांगत आलो, पोरगी माझ्यावर गेलीय, डावखुरी आहे. तसं नव्हतं. मामावर गेलीस."

तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं. बाबांना आता कळलं.

टॉवेल धुऊन, इस्त्री करून वेटरकडे दिलाय.

ठकी

१८ जून

चि. ठकीस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचूनच आलो होतो, तेव्हा अचानक गाठलंस असं म्हणता येणार नाही.

सतरा होल सेक्रेटरींच्या बरोबरीने आलो. अठराव्याच्या टीवर उभा राहिलो तेव्हा गच्चीवर खुर्च्या पुढे सरकवल्याचा आवाज आला. तो आवाज टीवरून असा ऐकू येतो हे मला माहीत नव्हतं. मी कायम तो ऐकणाऱ्याच्या शेजारी उभा असायचो. वरून कोणीतरी म्हणालं, "साहेब, अंगणातून या की." आवाज पोहण्याच्या शिक्षकांचा होता.

डावीकडे बघितलं. हिरवंगार, रुंद, एखादं पोरसुद्धा पार करेल. मग उजवीकडून मारला.

पलीकडच्या काठावर पडला. गवतात टेकला, क्षणभर थांबलासुद्धा. मग मागे घरंगळला.

टॉवेल घेऊन भाऊजी आले. वेटरच्या हातातून ट्रे काढून घेतला आणि स्वतः खाली उतरले. मला वाटलं, आता बोलतील. इतक्या वर्षांचं आहे, काहीतरी बोलतीलच. मी तयारही होतो. ते काही बोलले नाहीत. हसलेही नाहीत. वर सगळे हसत होते आणि भाऊजी माझी स्टिक हातात धरून, मी तोंड पुसेपर्यंत उभे राहिले. तेवढं तू बांधलेलं नव्हतंस. तेच जास्त लागलं. हसले असते तर बरं झालं असतं.

होलमध्ये खोट नाही. मी शोधली. ग्रीन सरकवलंस ते तर मलाही सुचलं नसतं.

हल्ली सकाळी चहा झाला की टेबल भिंतीकडे सरकवतो आणि छत्रीने थोडा सराव करतो. मनगट जरा उशिरा वळतं, तेवढाच दोष आहे. वारा पडला होता त्या दिवशी, नाहीतर गेलाच होता.

थोडक्यात गेला. पुढच्या वर्षी बघू.

मामा